टोबियास आसेर : हेगच्या उन्हाळी वर्गामागचा माणूस

हेग या शहराचे नाव आपल्याकडे बहुधा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून येते. दादरा-नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला तो हेगला, आणि १९६० साली त्याचा निकाल लागला तोही हेगलाच. अगदी अलीकडे, २०१९ च्या जुलैमध्ये, कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल ऐकण्यासाठी साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ज्या इमारतीकडे लागले होते ती हेगचीच. ‘पीस पॅलेस’ म्हणजे शांतिप्रासाद, असे तिचे नाव. पण याच आवारात दर उन्हाळ्यात जगभरची तरुण मंडळी वह्या घेऊन वर्गात बसतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर असेल. सहा आठवड्यांचा हा वर्ग तीन-तीन आठवड्यांच्या दोन सत्रांत भरतो. एका सत्रात राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा शिकवतात, तर दुसऱ्यात निरनिराळ्या देशांतील माणसामाणसांमधला कायदा. या संस्थेचे नाव हेग अ‍ॅकॅडमी ऑफ इंटरनॅशनल लॉ.

ही संस्था उभी राहावी म्हणून ज्यांनी उतारवयात जिवाचे रान केले त्या टोबियास आसेर यांचा परिचय मी येथे करून देणार आहे. ते कायदेपंडित होते, नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. पण आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना ते जवळचे वाटावेत याचे कारण वेगळे आहे, ते ओघात येईलच.

आसेर यांचा जन्म २८ एप्रिल १८३८ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. घराणे ज्यू, आणि कायद्याचा व्यवसाय पिढीजात. त्यांचे पणजोबा मोझेस सॉलोमन आसेर व त्याच घराण्यातील कारेल आसेर हे दोघेही हॉलंडमधील ज्यूंना समान नागरिकत्व मिळावे म्हणून झगडणाऱ्यांत होते. ते नागरिकत्व १७९६ मध्ये कायद्याने मिळाले. त्यापूर्वी ज्यू माणूस कितीही हुशार असला तरी त्याला वकिलीची सनद मिळणे दुरापास्त होते. मामा मिखाएल गोदेफ्रॉइ हे पुढे १८६० मध्ये न्यायमंत्री झाले, आणि ते त्या देशाचे पहिले ज्यू मंत्री. म्हणजे ज्या घराला दोन पिढ्यांपूर्वी कायद्याने दाराबाहेर ठेवले होते, त्याच घराने कायद्यालाच आपले घर केले. माझ्या मते आसेर यांच्या पुढील आयुष्याची किल्ली येथे आहे. आपण कोणत्या कायद्याखाली जगतो, या प्रश्नाने माणसाचे सारे नशीब बदलते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गंमत अशी की तरुणपणी त्यांना व्यापारात पडायचे होते. १८५७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी एका निबंधस्पर्धेत पारितोषिक मिळविले. विषय होता अर्थशास्त्रातील ‘मूल्य’ ही कल्पना. आम्ही पहिल्या वर्षाला ज्या ‘व्हॅल्यू’च्या प्रकरणाशी झटापट करतो तेच हे प्रकरण! पण अखेर ते कायद्याकडे वळले, आणि १८६० मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी लायडन येथून त्यांनी डॉक्टर ही पदवी घेतली. शिक्षण अ‍ॅमस्टरडॅमला आणि पदवी लायडनची, असे का, हा प्रश्न कोणालाही पडेल. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘अथेनेउम’ या विद्यालयाला त्या काळी पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. शिकायचे एका गावी आणि पदवीवर शिक्का दुसऱ्या गावच्या विद्यापीठाचा, हा प्रकार संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या आपणां सर्वांना नवा नाही.

त्याच वर्षी सरकारने त्यांना एका आंतरराष्ट्रीय आयोगावर नेमले. काम होते ऱ्हाइन नदीवरील जकात उठविण्याबाबत वाटाघाटी करण्याचे. ही गोष्ट थोडी खुलासेवार सांगायला हवी. ऱ्हाइन स्वित्झर्लंडमध्ये उगम पावून फ्रान्स आणि जर्मनीतून हॉलंडमध्ये येते आणि समुद्राला मिळते. वाटेत जो जो राजा, सरदार वा शहर भेटेल तो तो पूर्वी नदीवर दोर बांधून मालाच्या होड्या अडवी आणि पैसे घेई. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत या नदीसाठी एक मध्यवर्ती आयोग स्थापन करण्याचे ठरले. आज जगात ज्या शेकडो आंतरराष्ट्रीय संघटना आहेत त्यांत सर्वांत जुनी म्हणून या आयोगाकडे बोट दाखवतात, आणि तो अजून स्ट्रासबर्ग येथे काम करीत आहे. १८६८ च्या मानहाइम कराराने ऱ्हाइनवरील वाहतूक पूर्णपणे मुक्त झाली. आंतरराष्ट्रीय संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कची उंच इमारत आणि निळे झेंडे येतात, पण या झाडाचे बी पेरले गेले ते नदीकाठच्या जकातनाक्यावर. सीमाभागात राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत दोन राज्यांच्या हद्दीवर उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या रांगा आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

१८६२ साली, चोवीस वर्षांचे असताना, आसेर त्याच अथेनेउममध्ये प्राध्यापक झाले. पुढे १८७७ मध्ये अथेनेउमचे विद्यापीठात रूपांतर झाले आणि त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय कायदा व व्यापारी कायदा हे विषय आले. सोबत वकिलीही चालू होती, आणि १८७५ पासून परराष्ट्र खात्याचे कायदेविषयक सल्लागारपदही. या तीन कामांमुळे त्यांच्या विचाराला एक विशेष वळण लागले. वर्गात ते तत्त्व सांगत, कोर्टात त्या तत्त्वाचे काय होते ते पाहत, आणि सरकारी टेबलाशी बसून ते करारात कसे उतरवायचे याचा विचार करीत. नुसता पंडित किंवा नुसता मुत्सद्दी यांपैकी कोणालाही जे जमले नसते ते त्यांना जमले, याचे श्रेय मी तरी या तिहेरी संसारालाच देईन.

त्यांच्या मनाने घेतलेला प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. समजा, एका डच माणसाने पॅरिसमध्ये एका बेल्जियन मुलीशी लग्न केले आणि दोघे जर्मनीत जाऊन राहिली. लग्न कायदेशीर की नाही, हे कोणत्या देशाच्या कायद्याने ठरवायचे? नवरा वारला तर मुलांचा पालक कोण? प्रत्येक देशाचे न्यायालय आपापल्या परीने उत्तर देई. त्यामुळे एका देशात जी पत्नी, ती दुसऱ्या देशात पत्नी ठरेलच असे नव्हते. या विषयाला खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. आपल्याला हा प्रश्न परका नाही. गोव्यात कौटुंबिक बाबतींत अजूनही १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. त्यात लग्नानंतर, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. बेळगावची मुलगी गोव्यात दिली, किंवा गोवेकराने मुंबईत फ्लॅट घेतला, की लगेच विचारावे लागते, कायदा कोणता? गोव्याच्या रहिवाशाची मिळकत गोव्याबाहेर असली तरी वारसाहक्क गोव्याच्याच कायद्याने ठरेल, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. एकाच देशात जर असे, तर डझनभर देशांच्या युरोपात काय असेल याची कल्पना करावी.

आसेर यांनी प्रथम साथीदार जमविले. बेल्जियमचे रोलें-जॅकमें आणि इंग्लंडचे वेस्टलेक यांच्यासह त्यांनी १८६९ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कायद्याचे एक नियतकालिक काढले. १८७३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल लॉ’ या विद्वत्संस्थेची स्थापना झाली. तिच्या अकरा संस्थापकांत आसेर होते. या संस्थेला १९०४ साली शांततेचे नोबेल मिळाले. पण विद्वानांच्या ठरावाने कोणत्याही देशाच्या न्यायाधीशाचा हात बांधला जात नाही, हे वकील आसेर जाणून होते. त्यासाठी सरकारांनाच एका टेबलाशी बसवायला हवे होते.

ते १८९३ मध्ये जमले. हॉलंडच्या सरकारने हेगला परिषद बोलावली आणि युरोपातील तेरा देशांनी प्रतिनिधी पाठविले. अध्यक्षपदी आसेर होते. इंग्लंड मात्र आले नाही, त्याला आपला कायदा इतरांच्या पंक्तीला बसविणे रुचले नाही. १८९४, १९०० आणि १९०४ या परिषदाही आसेर यांच्याच अध्यक्षतेखाली भरल्या. सर्व देशांना मिळून एकच कायदा करावा, असे मोठे स्वप्न त्यांनी धरले नाही. प्रत्येकाचा कायदा त्याच्यापाशी राहो, कोणत्या प्रसंगी कोणाचा लावायचा एवढे ठरवू या, ही त्यांची रीत. एक एक विषय घ्यायचा आणि त्याचा छोटा करार करायचा. १८९६ मध्ये दिवाणी दाव्यांच्या कार्यपद्धतीचा करार झाला. १२ जून १९०२ रोजी विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुलांचे पालकत्व या विषयांवर तीन करार झाले.

हे करार पूर्ण यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. त्यांत माणसाच्या राष्ट्रीयत्वाला फार महत्त्व दिले होते. माणूस कोठेही राहो, त्याच्याबरोबर त्याच्या मूळ देशाचा कायदा चालणार. लोक देश सोडून दुसरीकडे कायमचे राहू लागले तेव्हा हा नियम जाचक झाला. फ्रान्सने तर १९१३ मध्येच विवाहाच्या करारातून अंग काढून घेण्याचे ठरविले. जर्मन सैन्यातून पळून फ्रान्समध्ये आलेल्या तरुणांना लग्न करायचे तर जर्मन कायद्याची परवानगी लागे, हे फ्रान्सला कसे खपावे! पुढे १९५७ साली पालकत्वाच्या कराराचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात आला. स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका डच मुलीला स्वीडनच्या अधिकाऱ्यांनी आपल्या संरक्षणाखाली घेतले होते, आणि हॉलंड म्हणत होते की मुलगी आमची, कायदा आमचा. निकाल स्वीडनच्या बाजूने लागला. आसेर यांच्या कराराचा अर्थ त्यांच्याच देशाविरुद्ध लागला, हा योगायोग मला विचार करायला लावणारा वाटतो.

परंतु परिषद मात्र टिकली. १९५५ पासून तिला कायम संघटनेचे रूप आले. २००८ साली भारतही तिचा सभासद झाला. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मित्रांना गुणपत्रिकेवर आणि जन्मदाखल्यावर ‘अपोस्टिल’चा शिक्का घ्यावा लागतो. तो या परिषदेच्या १९६१ च्या करारातून आला आहे, आणि भारतात तो २००५ पासून लागू आहे. पूर्वी एकाच कागदावर वकिलातीपर्यंत पाच ठिकाणी सह्या घेत हिंडावे लागे.

आता कॉमर्सवाल्यांचा विषय, बिल ऑफ एक्स्चेंज. आम्ही वहीत ड्रॉवर, ड्रॉई, एन्डॉर्सी लिहून नोंदी करतो आणि बिल नाकारले गेले की नोटिंग चार्जेस लावून मोकळे होतो. पण बिल अ‍ॅमस्टरडॅमला लिहिले, लाइपझिगच्या व्यापाऱ्याने स्वीकारले, पॅरिसला तिसऱ्याच्या नावे झाले आणि मुदतीला पैसे मिळाले नाहीत, तर? किती दिवसांत तक्रार नोंदवायची? इंग्लिश कायद्यात सवलतीचे तीन दिवस होते. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्येही ते आहेत. युरोप खंडातील कित्येक कायद्यांत ते नव्हते. तीन दिवसांच्या या फरकात एखादी पेढी बुडू शके. आसेर यांच्या अध्यक्षतेखाली १९१० आणि १९१२ मध्ये हेगला यासाठी परिषदा भरल्या, आणि सर्व देशांसाठी एकच नियमावली तयार झाली. येथे मात्र त्यांनी आपली नेहमीची रीत सोडली आणि खरोखरच एका कायद्याचा आग्रह धरला. कारण उघड आहे. लग्नात धर्म, रूढी, घराणे येते. हुंडीत फक्त विश्वास आणि तारीख येते. इंग्लंड आणि अमेरिका याही वेळी बाहेर राहिले. महायुद्धाने ती नियमावली अडकून पडली, पण १९३० मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हाला जे करार घडवून आणले त्यांचा पाया ती होती. भारत आपल्या १८८१ च्या कायद्यावरच राहिला. आणि आपल्या दर्शनी, मुदती, शहाजोग हुंड्यांना त्या कायद्यानेही हात लावला नाही, त्या पेढ्यांच्या रूढीवर सोडल्या. रूढीला कोठवर मान द्यायचा आणि एकसारखा नियम कोठे आणायचा, हा आसेर यांचा प्रश्न आपल्या बाजारपेठेतही होताच.

त्यांच्या आयुष्यातील ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त ओढून घेतले ती १९०२ सालची. १८९९ च्या हेग शांतता परिषदेत आसेर हॉलंडचे प्रतिनिधी होते. तेथे कायम लवाद न्यायालय स्थापन झाले, परंतु तीन वर्षे त्याच्याकडे एकही तंटा आला नाही. १९०२ मध्ये पहिला आला, तो अमेरिका आणि मेक्सिको यांचा. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जेझुइट पाद्र्यांनी कॅलिफोर्नियातील मिशनसाठी देणग्या जमवून एक निधी उभारला होता. पुढे तो सरकारकडे गेला, आणि १८४२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने त्याची मालमत्ता खजिन्यात जमा करून दरसाल ६ टक्के व्याज देण्याचे कबूल केले. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. तेथील बिशपांनी आपला वाटा मागितला. पूर्वी एका पंचाने १८७५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला होता, ती रक्कम मेक्सिकोने भरली, आणि नंतर हात वर केले.

पंच पाच. दोन अमेरिकेने निवडले, दोन मेक्सिकोने, आणि या चौघांनी मिळून पाचवा. मेक्सिकोने निवडलेल्या दोघांत एक आसेर. निर्णय १४ ऑक्टोबर १९०२ रोजी आला, एकमताने, मेक्सिकोच्या विरुद्ध. एकदा झालेला निर्णय दोन्ही पक्षांना बांधून ठेवतो, हे त्याचे तत्त्व. मेक्सिकोने ३३ वर्षांची थकबाकी, दरसाल ४३,०५०.९९ मेक्सिकन डॉलर या दराने, १४,२०,६८२.६७ डॉलर द्यावी आणि पुढेही दरसाल तेवढीच रक्कम देत राहावी, असे ठरले. (गुणाकार मी करून पाहिला, पैशापर्यंत बरोबर आहे.)

ज्याने आपल्याला नेमले त्याच्याच विरुद्ध सही करायची! आपल्याकडे गावच्या पंचायतीतही माझा पंच, तुझा पंच अशी भाषा असते. दादरा-नगरहवेलीच्या खटल्यात भारताने तात्पुरते न्यायाधीश म्हणून मुंबईचे गाजलेले मुख्य न्यायमूर्ती छागला यांना नेमले होते, आणि पोर्तुगालने आपला माणूस. दोघांचीही भिन्न मते आपापल्या देशाच्या बाजूची पडली. यात त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. प्रत्येकाने आपल्या बुद्धीला पटले तेच लिहिले असणार, आणि शिवाय ते आपल्या मायदेशाविषयी बोलत होते, आसेर यांचा मेक्सिकोशी तसा काही संबंध नव्हता. तरीही न्यायालय नवे, तंटा पहिला, आणि सारे जग पाहत असताना मेक्सिकोने निवडलेले दोन्ही पंच जर मेक्सिकोकडे झुकले असते, तर लवाद म्हणजे दुसऱ्या नावाने चाललेली वकिली असाच समज झाला असता, असे मला वाटते.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला त्यांनी आणखी एक काम हातावेगळे केले. रशियाच्या गस्ती जहाजांनी अमेरिकेची चार जहाजे पकडली होती. या तंट्यात आसेर एकटेच पंच होते. निर्णय रशियाच्या विरुद्ध गेला. राष्ट्राची सत्ता त्याच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रापुरती, त्यापलीकडे परक्या जहाजाला अडविता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. ‘केप हॉर्न पिजन’ हे देवमासे पकडणारे जहाज त्यांत होते. त्याच्या मालकाला झालेले प्रत्यक्ष नुकसान तर द्यावेच, पण जहाज अडकले नसते तर जो नफा झाला असता तोही द्यावा, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. बुडालेल्या नफ्याची भरपाई हा विषय निघाला की कायद्याच्या पुस्तकांत आजही या जहाजाचे नाव येते. मूल्यावर निबंध लिहिणारा एकोणीस वर्षांचा तो मुलगा चौसष्टाव्या वर्षी येथे पुन्हा भेटतो.

बाकीचे मानसन्मान थोडक्यात सांगतो. १८९३ मध्ये प्राध्यापकी सोडून ते राज्य परिषदेचे सभासद झाले. सुएझ कालव्याच्या तटस्थतेच्या वाटाघाटींत बड्या राष्ट्रांच्या जोडीने हॉलंड व स्पेन यांनाही जागा मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता. १९०४ मध्ये त्यांना मिनिस्टर ऑफ स्टेट हा मानाचा किताब मिळाला. १९११ चे शांततेचे नोबेल ऑस्ट्रियाचे पत्रकार आल्फ्रेड फ्रीड आणि आसेर यांना विभागून देण्यात आले.

आता त्या वर्गाकडे येतो. १९०७ च्या दुसऱ्या शांतता परिषदेपुढे रुमानियाकडून एक सूचना आली होती की हेग येथे आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यापीठासारखे काही असावे. आसेर यांनी ती उचलून धरली. न्यायालय बांधले, करार केले, पण ते करार वाचून लावणारी माणसे कोठून येणार? प्रत्येक देशाचे विद्यापीठ आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते तेव्हा त्याला आपल्या देशाचा रंग येतोच. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एका बाकावर बसले आणि निरनिराळ्या देशांच्या प्राध्यापकांनी त्यांना थोड्या आठवड्यांत भरपूर शिकविले, तर काही निराळे घडेल, ही या योजनेमागची कल्पना. वर्षानुवर्षे परदेशी राहणे बहुतेकांना परवडत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतला वर्ग. अमेरिकेतील कार्नेगी यांच्या देणगीतून शांतिप्रासाद बांधून होत आला होता, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी संस्थेकडून या वर्गालाही मदत मिळण्याची चिन्हे होती.

२९ जुलै १९१३ रोजी आसेर यांचे हेग येथे निधन झाले. वय पंचाहत्तर. सुमारे एका महिन्याने, २८ ऑगस्टला, शांतिप्रासादाचे उद्घाटन झाले. १९१४ च्या आरंभी अ‍ॅकॅडमीची रीतसर स्थापना झाली, आणि त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. ज्यांनी एका बाकावर बसायचे त्या वयाची मुले खंदकांत समोरासमोर बसली. वर्ग भरला तो १४ जुलै १९२३ रोजी, आसेर जाऊन दहा वर्षे होत आली तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा बंद पडला आणि १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला.

या वर्गात आंतरराष्ट्रीय संघटनांचा कायदा म्हणून जे शिकवितात ते आसेर यांच्या काळी स्वतंत्र विषय म्हणून नव्हतेच. एखाद्या संघटनेचे सभासद कोण होऊ शकते, मत कोणाला, वर्गणी कोणी किती भरायची, संघटनेच्या नोकराला काढून टाकले तर त्याने दाद कोठे मागायची, असे ते प्रश्न. याचा गाभा आम्हां कॉमर्सवाल्यांना चटकन समजेल. कंपनी कायद्यात आपण १८९७ चा सॉलोमनचा खटला वाचतो, की कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेममध्ये खून झाला, तेव्हा प्रश्न निघाला की नुकसानभरपाई संयुक्त राष्ट्रसंघ स्वतः मागू शकतो काय? संघ म्हणजे सभासद राष्ट्रांची नुसती मोळी, की त्यांच्याहून वेगळी अशी एक व्यक्ती? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ एप्रिल १९४९ रोजी सल्ला दिला की संघाला स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व आहे आणि तो भरपाई मागू शकतो. राष्ट्रांच्या जगातला हा सॉलोमनचा खटलाच म्हणाना.

वर्गाची रीत आता साधारण अशी आहे. सकाळी व्याख्याने, दुपारी चर्चा, आणि मधला वेळ शेजारच्या ग्रंथालयात. एक प्राध्यापक विषयाचा सर्वसाधारण आढावा घेणारी दीर्घ व्याख्यानमाला देतो, बाकीचे एकेका मुद्द्यावर थोडी व्याख्याने देतात. व्याख्याने इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतात आणि कानाला लावलेल्या यंत्रातून दुसऱ्या भाषेत ऐकू येतात. दोन भाषांच्या महाविद्यालयात वाढलेल्यांना ही गोष्ट सोपी जाईल, असे मला आपले वाटते. शिष्यवृत्त्या आहेत, त्यासाठी महिनोन् महिने आधी अर्ज करावा लागतो. पदविकेची परीक्षा वेगळी, ती फार कठीण समजली जाते आणि थोडेच तीत उतरतात. सर्व व्याख्याने छापली जातात आणि त्या मालेचे चारशेहून अधिक खंड झाले आहेत. २०१९ पासून जानेवारीतही तीन आठवड्यांचा एक वर्ग भरू लागला आहे, तेव्हा ज्यांची परीक्षा एप्रिलात असते त्यांनी तारखा नीट पाहून मगच अर्ज करावा.